रंगाचा उरलेला अर्धा माल

४ मार्च
आज कलर लॅबमध्ये रुजू झाले. पगार बरा, राहायची खोली वरच्याच मजल्यावर. मालकांना सगळे काका म्हणतात. माणूस गोड बोलतो, म्हणजे काम ढीगभर असणार. आधीची मुलगी म्हणे न सांगताच गेली. तिचा एप्रन मला अगदी मापात बसला.

बॅगेत आईच्या कॅमेऱ्यातला शेवटचा रोल आहे. तो देताना दादाने ऐकवलंच, की आजारपणात फिरकली नाहीस, आता ती गेल्यावर हे बघत बस. सहा वर्षं आईशी अबोला धरला मी. आता तिचा चेहरा असला तर एवढ्यातच. तो मला रंगांत हवाय.

७ मार्च
काकांना आईचा रोल दाखवला. त्यांनी काम शिकवलं. फिल्ममध्ये रंग नसतोच, त्याचा अर्धा माल असतो. तीन थर: पिवळा, किरमिजी, निळा. थरांतली उजेड लागलेली चांदी डेव्हलपरच्या रसायनात काळी पडते, आणि तिथल्याच वापरलेल्या डेव्हलपरमधून उरलेला अर्धा माल मिळून रंग धरतो. चांदीचं काम संपलं की ब्लीच, फिक्सर घालून तिला काढून टाकायचं.

हातमोजे मात्र घालू देत नाहीत. डेव्हलपर उघड्या हाताने ढवळायचा, ही इथली पद्धत. डोकं फिरलं माझं, पण नव्या माणसाने किती तोंड चालवायचं?

१२ मार्च
गिऱ्हाइकं खूश. असे रंग कुठेच मिळत नाहीत म्हणे. माझ्या कातडीचा पिवळेपणा तेवढा गेलाय. साबणाने घासून पाहिलं, फरक नाही.

१५ मार्च
नखांची लाली गेली. ओठांचीही. पुन्हा हातमोजे मागितले. काका शांतपणे म्हणाले, आपल्याकडे उरलेला अर्धा माल माणसातून येतो. नको असेल तर आईचा रोल दुसरीकडे धुऊन घे, इतका जुना रोल राखाडीच येईल.

निघून जायला हवं होतं. पण दादा हसला असता.

१६ मार्च
आईचा रोल. कोपरापर्यंत हात घातले. मनगटावरच्या निळ्या शिरा—
नाहीत. आरशात नुसती राखाडी बाई.

१७ मार्च
प्रिंट काढले. आई एकाही फोटोत नाही. सगळीकडे घराचं दार, पलंगावरून घेतलेलं. रोज एक फोटो. वाट बघत होती माझी.

शेवटच्यात दार उघडं. उंबऱ्यात मी. हाच एप्रन. गाल लाल, ओठ लाल— सगळं तिथे—

जिन्यात बादलीचा आवाज. ब्लीचचा वास. दाराला कडी नाही.

काका बाहेरून म्हणताहेत, रंग छान धरलाय गं, आता चांदीचं काम सं—