सासूबाईंना मस्कतला पोचवताना

२ मे १९८४, सकाळी ७
जानरावचं पत्र आलं. जानराव म्हणजे माझी बायको नलू हिचा भाऊ, मस्कतला फिटर आहे. त्याला मुलगी झाली. सासूबाईंना तीन महिन्यांसाठी बोलावलंय. विमान वीस तारखेचं, मुंबईहून. सासूबाई, म्हणजे सिंधुताई, बासष्टच्या. नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. सगळी जबाबदारी माझ्यावर. म्हणजे मीच घेतली. (पासपोर्ट-व्हिसा नलूने आधीच करून घेतला, पण ते कागदी काम झालं.) भिलाईच्या पोलाद कारखान्यात, आमच्या टाइम ऑफिसात, विदेशाची माहिती असलेला मी एकटाच. १९७१ साली एका रशियन इंजिनियरची ब्रीफकेस गेटपासून ऑफिसपर्यंत मीच धरली होती.
संकल्प: रोज एक तास ट्रेनिंग.

३ मे
ट्रेनिंग नाही. जेवणानंतर झोप लागली.

५ मे, दुपारी
विषय: थंडी. विदेश म्हटला की थंडी आलीच. सासूबाईंना स्वेटर आणि मंकी कॅप घालून अंगणात चालवलं. दोन चकरा झाल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, आता तुमी घालून दाखवा, मले समजून नाही राहिलं." घालून दाखवलं. तिसऱ्या चकरेला घेरी आली. नलूने डोक्यावर बादली ओतली. प्रात्यक्षिक एकूण चांगलं झालं.

९ मे
जानरावचं दुसरं पत्र. मस्कतला भिलाईहून जास्त ऊन, सुती लुगडी आणा म्हणतो. त्याला व्यापक विचार करता येत नाही. स्वेटर बॅगेत राहील.

१२ मे
विषय: सीट बेल्ट. सासूबाई म्हणाल्या, भात लावायचाय, तुमीच बसा. स्वतः खुर्चीत बसलो, पोटावरून जुना पट्टा आवळला. बकल अडकलं. शेजारचा ओमप्रकाश पक्कड घेऊन आला, तोवर खुर्चीसकट दारापर्यंत गेलो होतो. ओमप्रकाशने विचारलं, "क्या कर रहे हो भैया?" मी सांगितलं, इमर्जन्सी.

१५ मे
खुर्सीपारच्या कबाड्याकडे, भंगाराच्या काट्यावर, बॅग तोलली. वीस किलोची लिमिट, भरली बावीस. मी लोणच्याची बरणी काढा म्हटलं. सासूबाईंनी माझी सूचनांची वही काढली, स्वेटर काढला आणि मी दिलेला फिरकीच्या झाकणाचा पाण्याचा तांब्या काढला. एकोणीस झालं. बरणी आतच.

१८ मे, मुंबई मेलमध्ये
दुर्गहून निघालो. सासूबाई खिडकीशी. सुरक्षेसाठी पासपोर्ट माझ्याकडे द्या म्हटलं. म्हणाल्या, "कावून? पोरीले मी पाहाले चालली का तुमी?" आणि बटवा कमरेत खोचला. अनुभव नसला की माणूस हट्टी होतो.

१८ मे, संध्याकाळी ६, अकोला स्टेशन
घाईत लिहितो. चहाला उतरलो. फलाटावर भाऊराव नावाचे गृहस्थ भेटले, त्यांचा मुलगा कुवेतला जाणार. त्यांना कस्टमबद्दल समजावत होतो. महत्त्वाचा मुद्दा चालू असताना मेल सुटली. सासूबाई खिडकीतून हाक मारत होत्या, पण मला वाटलं चहा मागताहेत.
काळजी नाही. पुढच्या गाडीने मुंबईत गाठतो.

१९ मे, सकाळी
हिंगोली. काल जी गाडी पकडली ती मुंबईची नव्हती. छोट्या रुळांची आहे हे लक्षात यायला हवं होतं. तिकीट, धोतर, दाढीचं सामान सगळं मेलमध्ये. सासूबाई मुंबईत एकट्या असतील. त्यांना इंग्रजी येत नाही, हिंदीही बाजारापुरती. मीच नेतो म्हणून मीच अडून बसलो होतो.

२३ मे, भिलाई
मुंबई गाठता आली नाही, तीन गाड्या बदलून घरी आलो. नलूने जानरावची तार पुढे केली: आई सुखरूप. भाऊजी कुठे?
नलूने सांगितलं, मुंबईला सासूबाईंनी हमालाला पासपोर्ट दाखवून विमानतळाची वाट विचारली, माझं सामान स्टेशनमास्तरकडे जमा केलं, आणि रांगेतल्या दोन बायकांचे फॉर्म कुठे द्यायचे तेही शोधून दिलं. हे सगळं जानरावने आमच्या शेजारच्या बंगल्यातल्या फोनवर कळवलं होतं.

२७ मे, संध्याकाळी ५
ओमप्रकाश मेहुण्याला घेऊन आला. मेहुणा मस्कतलाच चाललाय, कामाला. माहिती पाहिजे म्हणाला. मी खुर्ची सरकवली, चष्मा लावला, बसा म्हटलं.
त्याने सासूबाईंचा तिथला पत्ता मागितला.
लिहून दिला.