नुसरेन बेटावरचा पहिला गुन्हा

आंबोन, ३ मार्च १९८७

चि. मेल्की यास,
अ. उ. आ.

आईची तब्येत उतरणीला लागली आहे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने निघाले तरी नशीब समजा. तरी दर शनिवारी बोटीची वेळ झाली की ती मला सागूच्या पिठाचा पापेडा घोटायला बसवते. मेल्कीला गरमच लागतो म्हणते. बोट येते, तू येत नाहीस, आणि तुझ्या वाटचा मला गिळावा लागतो. फुगून भोपळा झाले आहे मी.

तुझ्या रजेचं साहेबांना पुन्हा विचारलं. पोलीस कचेरीत नुसते तक्ते भरणारी मी, माझी कोणाला भीड! ते म्हणाले, तुझ्या जागी शिपाई द्यायचा कुठून? माणसं वाटतात ती वस्ती आणि नोंदलेले गुन्हे बघून. नुसरेनची वस्ती नऊशे, गुन्हे चार वर्षं शून्य. तिथे एकटा मेल्कीसुद्धा जास्तच, म्हणाले. अरे शहाण्या, तिथे काय देवदूत राहतात? चार गुन्हे नोंदव. जोडीला माणूस मिळेल, तुला आईजवळ येता येईल.

लोभ आहेच, तो इथे येऊन वाढव.
तुझी ऊसी,
फेमी

नुसरेन, २१ मार्च

ती. थोरल्या बहिणीस, फेमी ऊसीस,
सा. न. वि. वि.

देवदूत कसले, चांगले चोर आहेत! पण चोरी माझ्यापर्यंत पोचतच नाही. गेल्या महिन्यात सासी लागली होती. माडांना कोवळी झावळी बांधली की गावानं सोडेपर्यंत नारळाला हात लावायचा नाही. योपीनं तेरा पाडले. मी वही घेऊन धावेपर्यंत राखणदारांनी त्याला गावापुढे उभं करून चर्चच्या पायरीसाठी वाळू वाहायला लावलंही होतं. म्हातारा राखणदार मला म्हणाला, साहेब, वही ओली होईल, ठेवा घरी आणि टोपलीला हात लावा.

तुझं पत्र आल्यावर मी वहीत योपीचं नाव पेन्सिलीनं लिहिलं. नोंद झाली की त्याला कोर्टात न्यायचं, मग तुरुंग. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. पुसून टाकलं.

ऊसी, आईचा आवाज आठवू पाहतो आणि तो नीट आठवत नाही. जीव तुटतो गं.

तुझा,
मेल्की

आंबोन, ९ एप्रिल

चि. मेल्कीस आशीर्वाद.

आई आता खाणं मागत नाही, नुसतं तुझं नाव घेते. काल तक्त्यात तुझ्या बेटापुढे मीच चार लिहायला घेतले. हात चालेना. शेवटी तुझीच बहीण. आता तुला काही शिकवत नाही. ये, एवढंच.

फेमी

नुसरेन, १६ एप्रिल

ती. ऊसीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आणि मी एकाच बोटीनं निघालोय; टपालाआधी मीच दारात दिसेन. तरी लिहितो, कारण तक्ता तुझ्या हातचा. आज वहीत शाईनं नोंद केली: शिपाई मेल्की लातुहेरू परवानगीशिवाय चौकी सोडून गेला. फिर्यादी मी, आरोपी मी, साक्षीला म्हातारा राखणदार. अंगठा उठवून त्यानं चौकीची किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाला, आधी आईला भेटून ये, भांडणं आम्ही तुझ्यासाठी राखून ठेवतो.

नोकरी बहुधा जाईल. जाऊ दे. तू मात्र नुसरेनपुढे एक लिही.

आरोपीवरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा,
मेल्की