संदेशची कोठारं

रविवार, संध्याकाळ

काही सुचत नाहीये. कंपनीतला माझा जोडीदार संदेश पाठीच्या ऑपरेशननंतर चार महिने वरवंडला घरी पडून आहे. मोबाईलवरच्या आमच्या राज्यांच्या खेळात त्याने पडल्या पडल्या सगळ्यात मोठं राज्य उभं केलं होतं. काल मी त्याच्यावर अन्ननाशाचा शाप टाकला. त्याची धान्याची कोठारं एकेक करून काळी पडली, उपाशी सैन्य पळून गेलं आणि मी पहिला आलो.

का टाकला? तो माझ्यावर चालून येत नव्हता. उलट गेल्या आठवड्यात माझं धान्य संपलं तेव्हा त्यानेच पाठवलं होतं, त्याच कोठारांतून.

आज फोन केला तर त्याच्या आईने उचलला.

"कालपास्नं भितीकडं तोंड करून पडलाय. जेवला न्हाई. तुमचं दोघांचं काय वाजलंय का रं?"

"नाही काकू," म्हणालो. खोटं बोललो. "उद्या येतो मी."

मागून संदेशचा आवाज आला, "येऊ नको म्हणावं त्याला."

काकू फोन घेऊन बाहेर आल्या. मग हळूच म्हणाल्या, "ये तू."

जाणार आहे. त्याच्यासमोर बसून काय बोलू, तेवढं मात्र अजून कळत नाही.