व्हॉल्यूमला हात लावू नका, बाबा

बाबा,

मी दुकानात जातेय. अँप्लिफायरची वायर सोबत नेतेय, घरभर शोधत बसू नका.

तुमच्या दोन्ही स्पीकरचे ट्वीटर जळालेत. ‘अँप्लिफायर तीस वॉटचा, स्पीकर शंभरचे, त्यांना काय होतंय’ हे मला ऐकवू नका. अहो, जन्मभर कार्यक्रमांना हॉलमध्ये स्पीकर जोडलेत तुम्ही! छोटा अँप्लिफायर फुल केला की आवाज फाटतो आणि तो फाटका आवाज ट्वीटर जाळतो, हे मला कुणी शिकवलं? आणि आता स्वतःच व्हॉल्यूम टोकाला नेऊन बसता. मी चिकटपट्टी लावून खूण केली होती, तीही उपटून टाकलीत. कपाळ माझं!

संध्याकाळी नवे ट्वीटर बसवते. शंभर वॉटचा अँप्लिफायरही आणते, म्हणजे फुल करायची वेळच येणार नाही.

पण बाबा, ट्वीटर गेले की वरचे बारीक सूरच जातात. गाणं पांघरुणाखालून आल्यासारखं वाटतंय, असं आई आठवड्यापूर्वीच म्हणाली होती. तुम्ही रोज तीन तास ऐकता, आणि तुम्ही म्हणालात, ‘झकास वाजतंय.’ भरल्या हॉलमध्ये एक वायर सैल झाली तरी तुमच्या कानाला कळायची.

शुक्रवारी अकराला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी दुकान बंद ठेवतेय. ‘मला काय धाड भरलीय’ असं म्हणू नका. रोज संध्याकाळी मी बेल वाजवते तेव्हा तुम्ही दाराशेजारीच बसलेले असता, आणि दार उघडायला आई स्वयंपाकघरातून येते.