तपासायला न पाठवलेल्या शिवराया

अब्बा, घरात आपण हिंदी बोलायचो आणि दुकानात मराठी. मी आता कळंबच्या शाळेत मराठीच शिकवते, म्हणून हे दुकानाच्या भाषेत लिहिते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता रडूही येत नाही. एका नाण्याबद्दल लिहायचं आहे, तेवढंच.

त्या ईदला तुम्ही भाईला ईदी म्हणून चांदीचा रुपया दिलात आणि मला तांब्याची शिवराई. दोन्ही नाणी दुकानात आलेल्या मोडीतूनच निघालेली. जुन्नरच्या बाजाराला डोंगरातली माणसं फुटकी भांडी विकायला आणायची, त्यात असं काहीबाही सापडायचं. भाई रुपया फरशीवर वाजवत घरभर फिरतोय आणि मी स्वयंपाकघरात शीरखुर्म्याच्या पातेल्याशी तोंड फुगवून बसलेय. तळेघरचे एक पावणे, तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक, ओट्यावर वाटी घेऊन बसले होते. तुम्ही त्यांच्यादेखत मला बोलावलंत आणि मराठीत म्हणालात, “रुपाया कुणाकडं बी असतो. ही न्हाई कुणाकडं. जपून ठेव.” पुढे भाईला गादी मिळाली, घर मिळालं, शेवटच्या दिवसांत तुम्ही हाक मारलीत तीही त्यालाच. माझ्या वाट्याला ते वाक्य होतं. मी त्यावर बरीच वर्षं काढली.

हल्ली नाणी तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत. नाणं खरं आहे का, किती झिजलंय ते बघून दर्जा ठरवतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. कुठल्या छापाची, कुठल्या दर्जाची किती नाणी आजवर त्यांच्या हाताखालून गेली, तो आकडा नेटवर कुणालाही दिसतो. मी शिवराई पाठवली. तिच्या छापाच्या, तिच्या दर्जाच्या फक्त चार, आणि त्याहून चांगली एकही नाही. भाईच्या रुपयासारखे रुपये हजारोंनी. त्या दिवशी मी वर्ग विनाकारण लवकर सोडला.

मग पुण्यात नाण्यांच्या एका व्यापाऱ्याला तो आकडा दाखवला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, हा आकडा नाण्यांचा नाही, पाठवणाऱ्यांचा आहे.” शिवराईच्या किमतीपेक्षा तपासणीचाच खर्च जास्त, म्हणून ती कुणी पाठवत नाही. रुपया सगळे पाठवतात, काही जण तर वरच्या दर्जाच्या आशेनं डबी फोडून तोच रुपया पुन्हा पाठवतात आणि तो दोनदा मोजला जातो. घरोघरी पडलेल्या शिवराया कुणी मोजलेल्याच नाहीत. मी चहा प्यायले आणि एसटी धरली. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

गेल्या महिन्यात भाईनं दुकान आवरायला काढलं. वरच्या फळीवर, जुन्या वजनांच्या मागे, पितळेचा एक तांब्या निघाला. काठोकाठ शिवराया, सगळ्या माझ्याच छापाच्या. भाईनं एक उचलून बघितली, तुझ्या त्या डबीतल्या नाण्यासारखीच आहे की ही, म्हणाला, आणि तांब्या मोडीच्या काट्यावर ठेवायला निघाला. त्याला ती ईद आठवतही नाही. मी तांब्या मागून घेतला.

ईदला तुम्ही ह्यातूनच हाताला लागली ती उचललीत, की मला दिल्यावर तशा दिसतील त्या जमवत गेलात? आता हे विचारायला कुणी नाही. तांब्या माझ्या कपाटात आहे. माझी शिवराई डबीत बंद आहे म्हणून ओळखू येते, नाहीतर मला ती त्यांतून वेगळी काढता आली नसती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. तांब्यातली एकही शिवराई मी तपासायला पाठवलेली नाही. पाठवली की आकडा वाढेल. तो खोटा आहे हे मला माहीत आहे, तरी रोज सकाळी शाळेला निघण्याआधी मी तो नेटवर उघडून बघते, आणि चारच आहे असं दिसलं की चपला घालते.