अंगणातला चुना पाण्याखाली ठेवावा

मी, जयवंत येसप्पा कट्टीमनी, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार मौजे हुणसवाडी, तालुका हुमनाबाद, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, माझ्या घराच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास त्याने जुन्या वाचनमालेतील कोणतीही कविता मला विचारावी, चालीसकट म्हणून दाखवीन. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी लवकर लिहून संपवावे एवढाच साक्षीदारांचा तगादा आहे, कारण एक ओळ लिहिली की मी समोरच्या चर्चकडे बघत बसतो.

१. यापूर्वी २०१६ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात मी आमच्या चर्चच्या मंडळीला सिमेंटच्या नव्या सभागृहासाठी रक्कम ठेवली होती. ते वाक्य आता वाचवत नाही. कारण पुढे येईल.

२. माझी बँकेतील ठेव व पेन्शनची शिल्लक माझी मुलगी मंजुश्री, शिक्षिका, राहणार औराद, हिला मिळावी. माझी पुस्तके व मी स्वतः केलेल्या कवितांच्या सात वह्याही तिच्याच. वह्या छापू नयेत. पाचव्या वहीत चंद्रावर अठरा कविता आहेत. त्यांतल्या सोळा फाडल्या तरी चालतील. कोणत्या दोन ठेवायच्या ते तिने ठरवावे, तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. माझे भिंतीवरचे चावीचे घड्याळ मी माझा मित्र सिद्धराम गवंडी यास देणार होतो. परंतु वकिलांनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या कागदातून काही घेता येत नाही. मी सिद्धरामला विचारले, घड्याळ पाहिजे की सही करतोस?

तो म्हणाला, "घड्याळ काय करू? गवंड्याला ऊन कळतंय. सही करतो."

"अरे, चांगलं चालतंय ते."

"तुझ्या घरात बसून चालतंय. माझ्या घरात नातवंडं दोन दिसांत खोलून बसतील. आन सही कुठं करायची ते सांग, मला मोठी करायची हाय."

म्हणून त्याच्यासाठी खाली दोन ओळींची जागा सोडली आहे. घड्याळ चर्चच्या ओसरीत लावावे. ते रोज चार मिनिटे पुढे जाते. उपासनेला उशिरा येणाऱ्यांसाठी तसेच राहू द्यावे.

४. सिद्धरामचे आणि माझे एकतीस वर्षे बोलणे नव्हते. त्यात चूक माझी होती. हे तोंडी मी भर सभेत कबूल केले आहेच, पण सहीशिक्क्याच्या कागदावर असावे म्हणून येथे नोंदवतो.

आमचे चर्च निजामाच्या राजवटीत, १९२६ साली उभे राहिले. तांबडा जांभा दगड आणि चुना. त्याच्या ओसरीतल्या शाळेत सिद्धराम आणि मी एका पाटावर बसलो. तो वीरशैव, गळ्यात लिंग, मी ख्रिस्ती. बाई कविता शिकवत आणि आम्ही दोघे डोलत असू. तो डोलता डोलता झोपे, मी डोलता डोलता मोठा झालो.

१९८८ साली मी मंडळीचा सेक्रेटरी होतो. पोपडे पडत होते. मी कंत्राटदार आणला आणि सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा ठरवला. सिद्धराम सभेत उभा राहिला.

"जयवंता, जांभ्याला सिमिट लावू नगं. आतली ओल कुठनं जाईल? भित कुजंल."

मी सर्वांसमोर म्हणालो, "जग चंद्रावर पोचलं, आन तू अजून गुळाच्या पाण्यात चुना कालवायलास?"

लोक हसले. सिद्धरामने थापी उचलली आणि निघून गेला. मला त्या दिवशी माझे वाक्य फार छान वाटले होते. चंद्र आला की माझे भान जाते, हे मंजुश्रीला ठाऊक आहे.

भिंती घामेजू लागल्या. गिलाव्याला पोट आले. आतला दगड ओला राहून भुसभुशीत झाला, आणि २०१९ च्या पावसाळ्यात भर उपासनेत वेदीशेजारी बैलाएवढा तुकडा कोसळला. कोणाला लागले नाही, ही देवाची दया. चर्च पाडून सिमेंटचा हॉल बांधायचा ठराव पुढे आला. मी उठलो आणि म्हणालो, "चर्च म्हातारं झालं म्हणून पडायलंय असं न्हाई. मी त्याचं नाक-तोंड दाबून ठेवलंय. मला एक महिना द्या."

त्याच संध्याकाळी मी सिद्धरामच्या दारात गेलो.

"कोण हाय?"

"मी जयवंत."

"कंचा जयवंत? सिमिटवाला?"

"व्हय, तोच."

आत अवजारांची खुडबुड झाली. मग तो छिन्नी आणि हातोडा घेऊन बाहेर आला आणि दोन्ही माझ्या हातात दिली. "आधी लावलेलं काढ. मग बोलू."

मी पंच्याहत्तर वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी पाटीएवढा गिलावा निघाला. दुसऱ्या दिवशी शेजारी चार जण येऊन उभे राहिले. आठव्या दिवशी अर्धे गाव टकटक करत होते. आतून तांबडा दगड उघडा झाला तेव्हा सिद्धरामने त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "बघ, मोकळं झालं." ते चर्चविषयी होते की आमच्याविषयी, हे मी विचारले नाही.

५. दुरुस्तीसाठी ज्यांनी हातभार लावला त्यांचे ऋण फेडण्याइतकी माझी मिळकत नाही. फक्त नोंद करतो.

आमच्या मंडळीत मूठ काढायची रीत आहे. स्वयंपाकाला बसण्याआधी घरची बाई एक मूठ ज्वारी देवासाठी मडक्यात टाकते आणि रविवारी ती चर्चला येते. माझी पत्नी कै. भागाबाई हिने त्या वर्षी पदर खोचला आणि मडकी घेऊन गावभर फिरली. लिंगायत आळीत, बुद्धविहारामागे, मशिदीच्या गल्लीत, सगळीकडे एकेक मडके ठेवून आली. मी म्हणालो, "अगं, ती आपल्या मंडळीतली न्हाईत." ती म्हणाली, "मूठ तर सगळ्यांची पाच बोटांचीच हाय की." चार वर्षे त्या मडक्यांतली ज्वारी विकून चुना आणि त्यात कालवायचा गूळ व हिरडा आला. ती २०२२ मध्ये गेली. तिची मूठ आता मी काढतो. माझ्या पश्चात या घराची मूठ बंद पडू नये.

दुसरी नोंद भोपळ्याची. सुगीच्या सणाला लोक पहिले पीक चर्चला आणतात आणि त्याचा लिलाव होतो. घेणारा ती वस्तू पुन्हा देवाला देतो, पुन्हा लिलाव. हळ्ळीखेडचे तुरीचे आडते गुंडप्पा बोली पुकारत होते. मी कोपऱ्यात बसून मनात एक जुनी कविता म्हणत होतो आणि हाताने ताल धरत होतो. प्रत्येक समेला माझा हात वर जाई, आणि प्रत्येक वेळी गुंडप्पा भोपळ्याची बोली वाढवीत.

"चार हजार! मास्तरांचा भोपळा!"

"गुंडप्पा, मी बोली केली न्हाई, मी कविता म्हणायलोय."

"कविता म्हणा की तुमी, कोण नगं म्हणतंय? हात वर गेला का न्हाई, पंचांनो?"

"गेला!" सगळे चर्च ओरडले.

गुंडप्पांना चांगले ठाऊक होते की ती बोली नव्हती. भोपळा सात वेळा विकला गेला आणि ती सगळी रक्कम दुरुस्तीला लागली. शेवटी गुंडप्पांनीच तो घेतला आणि सगळ्यांना घारगे खाऊ घातले, म्हणून मी त्यांना माफ केले आहे. हे त्यांना आज, सही करताना, प्रथमच कळेल.

६. माझे दफन भागाबाईशेजारी व्हावे. कबरीला जांभा आणि चुना. सिमेंट एक चमचाही वापरल्यास मी कोणाच्या स्वप्नात येईन ते सांगता येत नाही.

त्या वेळी उदास भजन नको. छताचा चुना बडवताना बायका म्हणत ते गाणे म्हणावे. छपराच्या चुन्यावर दोन दिवस लाकडी थाप्या एका तालात पडाव्या लागतात, ताल चुकला की भेग. सिद्धराम म्हणाला, "मास्तर, तुझ्यापाशी चाली लई हायत, एक दे." मी चौथीतल्या एका कवितेची चाल दिली. शब्द बायकांनी आपले घातले:

मास्तराच्या सिमिटानं भितीला भरला ताप,
कुटा कुटा गं बायांनो, मास्तराचं फेडू पाप.

चाळीस वर्षे मी कविता शिकवली. तिचा इतका पक्का उपयोग झालेला मी दुसरा पाहिला नाही. गेल्या वर्षीच्या पावसात छत एक थेंबही गळले नाही.

७. आता घर. चर्चला लागून असलेले माझे दोन खणांचे स्वकष्टार्जित घर, अंगण, विहीर व अंगणातील चुन्याचा हौद.

हौदाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. काम संपल्यावर उरलेला विरवलेला चुना आम्ही त्यात ठेवला. त्यावर नेहमी चार बोटे पाणी लागते. पाण्याखाली तो जितका जुना होईल तितका लोण्यासारखा होतो. पाणी आटले की त्याचा दगड होतो. भिंतींना दर दोन वर्षांनी पावसाळ्याआधी त्याचा हात द्यावा लागतो. घरचा चुना नसला तर लोक काय करतील हे मला कोणी सांगू नये. ते दुकानात जाऊन पोते आणतील, आणि मी १९८८ साली केले तेच पुन्हा होईल. चर्च दुसऱ्यांदा वाचेलच असे नाही.

माझा मुलगा राजपाल कलबुर्गीला इंजिनिअर आहे, सिमेंटचा. हौद बुजवून गाडी लावायला जागा करायचे त्याने दिवाळीत बोलून दाखवले. म्हणून दिनांक १ नोव्हेंबरला मी या कलमात घर मंडळीच्या नावे लिहिले. दुसऱ्याच दिवशी राजपाल आला आणि कागद त्याच्या हाती लागला. सिद्धराम ओट्यावर बसला होता.

"अप्पा, चिखलासाठी पोराला घराभाईर काढायलाव व्हय?"

"चिखल न्हाई, चुना हाय."

"मला नगा शिकवू. पंधरा साल हेच करायलोय मी."

सिद्धराम सुपारी कातरत म्हणाला, "विंजनेर साहेब, हात घालून बघितलास का कधी?"

राजपालने रागाने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढून दोन बोटांत चोळत राहिला. पुन्हा घातला. मग हळूच म्हणाला, "सिद्धरामकाका, हे लोणी हाय की."

"तुझ्या अप्पाला एवढं कळायला एकतीस साल लागलं. तुला मिनिट लागलं. शिकलेला हायस."

त्यानंतर दोघे तासभर उकिडवे बसून बोलत होते. मला एकदाही विचारले नाही. ठरले ते असे: हौदावर शहाबादी फरशीचे जाड, उचलता येणारे झाकण, खाली लोखंडी पट्ट्या. पाणी उडणार नाही आणि वर गाडीही उभी राहील.

मी म्हणालो, "झाकलं की माणूस विसरतंय."

म्हणून १ नोव्हेंबरचे कलम मी आडवी रेघ मारून खोडले आहे व शेजारी सही केली आहे. त्याऐवजी: वरील घर राजपाल यास मिळावे. अट एकच. त्याने दर शनिवारी स्वतः हुणसवाडीस येऊन, गाडी बाजूला घेऊन, झाकण उचलून चार बोटे पाणी मोजावे व कमी असल्यास विहिरीचे भरावे. सलग तीन महिने न आल्यास घर मंडळीचे. शनिवारी आलेल्या माणसाला रविवारी सकाळी चर्चची घंटा ऐकू येते, त्याला माझा इलाज नाही.

ही अट कायद्याने माझ्या मृत्यूनंतर लागू होते. राजपाल गेले तिन्ही शनिवार येऊन पाणी मोजून गेला. त्याला हे कलम नीट समजलेले दिसत नाही. वकिलांनी समजावून सांगू नये.

वरील मजकूर मी आमच्या दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने, थोडा चालीवर, वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

स्थळ: हुणसवाडी
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

(सही) जयवंत येसप्पा कट्टीमनी

साक्षीदार:

१. (सही, दोन ओळी व्यापून) सिद्धराम मल्लप्पा गवंडी, हुणसवाडी

२. (सही) गुंडप्पा वीरण्णा, आडते, हळ्ळीखेड (बी)