रेवाचं शिफारसपत्र

शिवाजी नगर, भोपाळ
१९ जानेवारी २०२५

ती. इंदूआत्यास,
शिल्पाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि कानाचं यंत्र तू कपाटात जपून ठेवलं आहेस, म्हणून हे पत्र. इथे थंडी बरीच आहे, बाकी ठीक.

रेवाची शाळा पाचवीपर्यंतच. सहावीसाठी दोन खासगी शाळा पाहिल्या. चार इमलीजवळची मोठी आहे, हॉकीचं टर्फ आहे, आणि तिथल्या क्रीडाशिक्षकांनी रेवाला खेळताना पाहून दोनदा फोन केला. शाहपुऱ्याची लहान. मैदान मुरुमाचं, पण वर्गात वीसच मुलं आणि रेवासारख्यांसाठी एक वेगळ्या बाई. परीक्षितला मोठी हवी, मलाही तीच. रेवाला जिथे स्टिक फिरवता येईल ती.

अडचण फॉर्ममधल्या एका रकान्याची आहे. मुलाला काही आजार किंवा विशेष गरज आहे का, असं विचारलंय. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एडीएचडी असल्याचं लिहून दिलं, गोळी चालू आहे, हे तुला माहीत आहेच. परीक्षित म्हणतो रकाना रिकामा सोडू. मोठ्या शाळेच्या प्राचार्या मंजूषा मॅडम तुझ्या शाळेत शिकलेल्या. तू चार ओळी लिहिल्यास तर त्या नाही म्हणणार नाहीत. तेवढं एक सोडून बाकी सगळं लिही.

भाचीवर रागावू नकोस, रागावलीस तर तेही पत्रानेच कळव.
तुझी शिल्पा


लष्कर, ग्वाल्हेर
२७ जानेवारी

चि. सौ. शिल्पास अ. उ. आ.

यंत्रातून मला फक्त शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येतो. त्यासाठी कशाला कान दुखवून घ्यायचा?

रकाना रिकामाच सोडा. एकतीस वर्षं मी मुख्याध्यापिका होते. ज्या फॉर्मवर त्या जागी काही लिहिलेलं असे, तो टेबलाच्या खालच्या खणात जाई आणि प्रवेश संपेपर्यंत वर येत नसे. मंजूषा माझ्याच हाताखाली घडली आहे, ती वेगळं काय करणार?

पत्र सोबत आहे. रेवा शांत, एकाग्र आणि आज्ञाधारक आहे असं त्यात म्हटलंय. इतकं सफाईदार खोटं आजवर लिहिलं नव्हतं, अक्षर मात्र छान आलंय. परीक्षितला आशीर्वाद सांग, आणि त्याला म्हणावं पोट कमी कर.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
इंदूआत्या


भोपाळ
२३ फेब्रुवारी

ती. इंदूआत्यास सा. न. वि. वि.

चाचणी झाली. रेवाने तीन गोल केले, क्रीडाशिक्षक खूश. मग मुलाखत. मंजूषा मॅडमनी तुझ्या अक्षराचं कौतुक केलं, पत्र मोठ्याने वाचलं आणि सहज रेवाला विचारलं की शाळेत तिला काय अवघड जातं.

रेवाने सगळं सांगितलं. गोळीचं सांगितलं, डॉक्टरांनी दिलेलं नाव सांगितलं. तिसऱ्या तासानंतर पाय हलायला लागतात, मैदानाला एक फेरी मारू दिली की परत वाचता येतं, हेही सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि फाइल मिटली. चार दिवसांनी नकाराचा मेसेज आला.

परतताना गाडीत मी तिला खूप बोलले. आत्या, मला त्याची लाज वाटते. तिने एवढंच विचारलं की पत्रातल्या त्या शांत मुलीला प्रवेश मिळाला असता, तर रोज शाळेत कोण जाणार होतं. परीक्षितने रेडिओ लावला.

आता शाहपुरा उरलं. फॉर्मची शेवटची तारीख दहा मार्च. त्यांनाही मुलीला ओळखणाऱ्या कुणाचं तरी पत्र हवंय. काय लिहायचं ते या वेळी तूच ठरव. तिथेही नाही म्हणाले तर तिला कुठे न्यायचं, याची मला भीती वाटते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
शिल्पा


ग्वाल्हेर
१ मार्च

चि. सौ. शिल्पास अ. उ. आ.

पत्र उघडंच पाठवते. दोघं वाचा. पटलं नाही तर फाडून टाका, पण दुसरं लिहिणार नाही.

मा. मुख्याध्यापक, स. न. वि. वि.
कु. रेवा ही माझ्या भाचीची मुलगी, वय अकरा. तिला एडीएचडी आहे, औषध चालू आहे. ती शांत नाही. दिवाळीत आठ दिवस माझ्याकडे होती. एकदा जेवताना पानावरून सात वेळा उठली. खिडकीची काच फोडली आणि कुणी विचारायच्या आत येऊन सांगितलं. गल्लीत हॉकी खेळताना मात्र तिचं लक्ष दीड तास चेंडूवरून हललं नाही, मी घड्याळ लावून पाहिलं. तिला एका वेळी एकच काम सांगावं. तीन सांगितली तर दोन विसरते. टाकून बोललेलं विसरत नाही.
मी एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होते. माझ्या शाळेत मी हिला प्रवेश दिला नसता. अशा मुलींना मी परत पाठवलं आणि शाळेचा निकाल चांगला ठेवला. त्यांचं पुढे काय झालं, ते कधी विचारलं नाही. आपण विचारणारे असाल, तर हिला घ्यावं.

शिल्पा, वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटतंय, तेवढं पुरे.
इंदूआत्या


भोपाळ
६ एप्रिल

प्रिय इंदूआजी,
नमस्कार.

माझं अ‍ॅडमिशन झालं. शाहपुऱ्याला. टर्फ नाहीये, पडलं की गुडघे छिलतात, पण चलेगा. सरांनी तुझं पत्र मला पण वाचायला दिलं. सगळं सच आहे.

पण तू लिहिलंस की मला तुझ्या शाळेत घेतलं नसतंस. मग आता घेतलं असतंस का? हो किंवा नाही एवढंच लिही.

तुझी रेवा


ग्वाल्हेर
१२ एप्रिल

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

हो. दाराजवळच्या बाकावर बसवलं असतं, आणि तू फेरी मारून येईपर्यंत कुणाला फळा पुसू दिला नसता.

तुझी,
इंदूआजी